गिरणगावचा न झालेला आराखडा: चित्रं नंतर बघा, आधी जमिनीचा हिशेब मांडा

तुम्ही विचारलंत, की वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांच्या अभ्यासगटाचा मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या जमिनींचा आराखडा प्रत्यक्षात आलाच नाही, मग प्रबंधासाठी तो घ्यावा का. जरूर घ्या. फक्त सुरुवात जमिनीच्या हिशेबापासून करा.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम सांगत होता, की गिरणी पाडून बांधकाम करायचं तर साधारण एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला, उरलेली मालकाला. पण प्रत्येक गिरणीचे वाटे वेगळे पाडले, तर हाती येतात तुकडे. त्यांवर ना धड मैदान होतं ना वस्ती. १९९६मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या या गटाने लागून असलेल्या गिरण्या एकत्र धरल्या. मधल्या भिंती गेल्या, की सलग बागा, घरं, कामाच्या जागा आणि त्यांना जोडणारे रस्ते आखता येतात. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वेमार्गांवरची स्थानकं हाकेच्या अंतरावर आहेत. तिथे पायी चालणाऱ्यांसाठी ऐसपैस चौक असावा, ही त्यातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी सूचना.

माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पाळी सुटली की रस्ता माणसांनी कसा भरून जायचा, ते मी चाळीच्या गॅलरीतून पाहिलंय. पुढे गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, त्यांच्यासोबत हजारो नवे प्रवासी आले. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. तो कागदावरचा चौक त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

आता ५८व्या नियमातली २००१ची दुरुस्ती. वाटे पाडताना फक्त आधीपासून रिकामी असलेली जमीन धरायची, इमारतींखालची नाही, असं ठरलं. समजा १० एकरांची गिरणी, त्यात ८ एकरांवर बांधकाम. पूर्वी १० एकरांची वाटणी झाली असती, आता उरलेल्या २ एकरांचीच. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली आणि बागांचं, घरांचं गणितच मोडलं. अनेक लेखांत हा मुद्दा एका ओळीत उरकलेला असतो. तुम्ही त्याला पूर्ण प्रकरण द्या.

एखादी गिरणी निवडून दोन्ही नियमांनी तिचे वाटे नकाशावर आखा. मग संध्याकाळी साडेसहाला परळ स्थानकातून प्रभादेवीला, म्हणजे पूर्वीच्या एल्फिन्स्टन रोडला, चालत जा. वाटेत थांबायला, टेकायला जागा कुठे आहे, तेही त्याच नकाशावर टिपा.