पीटर पॅनचं हॉस्पिटल

प्रश्न : पीटर पॅनच्या नाटकाचे पैसे लंडनच्या एका मुलांच्या हॉस्पिटलला मिळतात, हे खरं का? आणि तिथे उपचार सरकारी खर्चाने होतात ना, मग देणग्या कशाला? – एक शिक्षिका

उत्तर : अगदी खरं आहे, बाई. ते ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटल. पण आधी त्याच्या जन्माची कहाणी ऐका, मला ती फार मोलाची वाटते.

त्या काळी लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलांत लहान मुलांना सहसा दाखलच करून घेत नसत. आजारी लेकरू आईजवळच बरं, अशी समजूत. पॅरिसला मात्र मुलांचं वेगळं हॉस्पिटल होतं. डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी आपल्या शहरात तसं व्हावं म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. अखेर १४ फेब्रुवारी १८५२ रोजी एका जुन्या घरात, लोकवर्गणीच्या बळावर, १० खाटांनिशी दार उघडलं.

सहा वर्षांत पैशांची चणचण भासू लागली. तेव्हा, ९ फेब्रुवारी १८५८ला, प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स मदतीसाठी बोलायला उभे राहिले. एडिंबराच्या गरीब वस्तीत पाहिलेलं एक मूल त्यांनी श्रोत्यांसमोर ठेवलं: आईने दुकानातून मागून आणलेल्या अंड्यांच्या जुन्या खोक्यात निजवलेलं, खंगलेलं, निमूट पडलेलं. मी मुलांच्या वॉर्डात नर्स होते. ते भाषण वाचताना तिथून पुढे माझ्याच्याने जाववत नाही. त्या रात्री ३,००० पौंडांवर रक्कम जमली आणि शेजारचं घर घेता आलं.

पीटर पॅनचे लेखक जे. एम. बॅरी यांचं दान १९२९चं. जागेच्या खरेदीसाठी नेमलेल्या समितीवर या, असं त्यांना विचारलं होतं. ते त्यांनी नाकारलं, आणि पुढे पीटर पॅनचे हक्कच देऊन टाकले! किती पैसे मिळाले ते कुणाला सांगू नका, ही त्यांची इच्छा हॉस्पिटल आजही पाळतं. १९८७ अखेर कॉपीराइट संपला, तेव्हा माजी पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी १९८८च्या कायद्यात खास तरतूद करून घेतली. त्यामुळे ब्रिटनमधल्या प्रयोगांची आणि पुस्तकांची रॉयल्टी हॉस्पिटलला कायम मिळते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. १९४८ पासून उपचारांचा भार सरकारी आरोग्यसेवेकडे आहे. देणग्या संशोधनाला, यंत्रसामग्रीला आणि आईवडिलांच्या राहण्याच्या सोयीला जातात. मला विचाराल तर या शेवटच्या खर्चाइतका सार्थकी लागणारा पैसा दुसरा नाही. आई हाकेच्या अंतरावर असली की मूल औषधही घेतं आणि झोपतंही.