तीस टक्के परत म्हणजे नक्की कुठून परत?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की टॅक्स सीझन आलाय, प्रश्न पाठवा, तर आलेल्या प्रश्नांतले निम्म्याहून जास्त छतावरच्या सोलरचेच निघाले. साहजिक आहे म्हणा. अमेरिकेतलं घरगुती सोलरचं फेडरल क्रेडिट, म्हणजे खर्चाच्या ३० टक्के टॅक्समधून मिळणारी सूट, ३१ डिसेंबर २०२५ ला बंद झालं आणि शेवटच्या सहा महिन्यांत दारोदार फिरणाऱ्या सेल्सवाल्यांनी नुसता धुमाकूळ घातला होता. आमच्या गल्लीत तर एकाच शनिवारी तिघं येऊन गेले. तर घेऊया एकेक.

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही सप्टेंबर २०२५ मध्ये सोलर बसवलं, ३१,००० डॉलर, सगळं लोनवर. सेल्समन म्हणाला होता ३० टक्के म्हणजे ९,३०० डॉलर गव्हर्मेंट परत देतं, ते आले की लोनमध्ये भरून टाका. आता सॉफ्टवेअरमध्ये रिटर्न भरून बघितला तर रिफंड फक्त ६,५०० दाखवतंय. बाकीचे कुठे गेले? मिस्टरांचा एकट्याचा पगार, ९६ हजार, दोन मुलं शाळेत. — एक वाचक, न्यू जर्सी

बाकीचे कुठेही गेले नाहीत, पण ते तुम्हाला वाटतंय तसे चेक होऊन येणारही नाहीत. इथेच सगळ्यांची फसगत होते, कारण "परत" हा शब्द सेल्समनचा आहे, कायद्याचा नाही. हे क्रेडिट नॉन-रिफंडेबल आहे, म्हणजे वर्षभराचा जो टॅक्स तुमच्या डोक्यावर आहे त्यातून ते वजा होतं, आणि टॅक्स शून्यावर आला की तिथेच थांबतं, शून्याच्या खाली जाऊन खिशात काही टाकत नाही.

तुमच्याच आकड्यांवर बघा. ९६,००० पगार, त्यातून दोघांचं मिळून स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० गेलं, उरले ६४,५००. त्यावर टॅक्स बसतो साधारण ७,२६०. आता मुलांचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट, २०२५ साठी मुलामागे २,२०० म्हणजे दोघांचे ४,४००, पण टॅक्स उरला नाही तर त्यातले मुलामागे १,७०० पर्यंत, म्हणजे दोघांचे ३,४००, रोख परत मिळू शकतात, म्हणून टॅक्समधून आधी फक्त १,००० जातात. राहिले ६,२६०. सोलरच्या क्रेडिटला खायला एवढाच टॅक्स शिल्लक आहे, म्हणून ९,३०० पैकी ६,२६० लागू झाले आणि टॅक्स झाला शून्य. मिस्टरांच्या डब्ल्यू-टूच्या (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) दुसऱ्या बॉक्समध्ये ३,१०० च्या आसपास आकडा असणार, पगारातून कापलेला टॅक्स, तो पूर्ण परत येतोय, त्यात मुलांचे ३,४०० मिळवले की झाला तुमचा ६,५०० चा रिफंड. सोलर नसतं तर जेमतेम २४० आले असते. म्हणजे क्रेडिट चाललंय, फक्त ते रिफंडच्या आकड्यात लपलंय.

उरलेले ३,०४० पुढच्या वर्षावर जातात. या क्रेडिटचा जो फॉर्म ५६९५ असतो त्याच्या पहिल्या भागात शेवटी हा पुढे न्यायचा आकडा येतो, ते पान जपून ठेवा, पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर बदललं किंवा दुसऱ्याकडून रिटर्न भरून घेतला तर हा आकडा हमखास राहून जातो, मी दरवर्षी एकदोन जणांचा तरी शोधून काढते. क्रेडिट बंद झालं मग पुढे कसं नेणार असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. बंद झालंय ते २०२५ नंतरच्या खर्चासाठी. आधी केलेल्या खर्चाचं उरलेलं क्रेडिट मेलेलं नाही. तुमचा टॅक्स असाच राहिला तर २०२६ मध्येच ते संपेल.

आता खरी डोकेदुखी लोनची. तुम्हीच पुढे लिहिलंय की हप्ता आत्ता १२७ डॉलर आहे आणि ॲग्रीमेंटमध्ये "१८ महिन्यांनी १८१" असं काहीतरी बारीक अक्षरात आहे. हा सोलर लोनचा नेहमीचा प्रकार आहे हो. सुरुवातीचा हप्ता असं गृहीत धरून काढलेला असतो की तुम्ही १८ महिन्यांच्या आत ३० टक्के रक्कम एकदम भरणार, नाही भरली तर हप्ता पूर्ण रकमेवर परत बसतो. सेल्समनने १२७ दाखवून सही घेतली, तुमचा टॅक्स किती हे विचारलंच नाही, त्याला विचारायची गरजही नव्हती. तुम्ही एक करा, आलेले ६,५०० नुसते खर्च करू नका, त्यातले जमतील तेवढे १८ महिन्यांच्या आत मुद्दलात भरा आणि बँकेला आधी फोन करून विचारा की अर्धवट रक्कम भरली तर हप्ता त्या प्रमाणात कमी बसेल का, लेखी घ्या. आणि हो, लोनचं व्याज आणि लोन काढायची फी क्रेडिटच्या खर्चात धरता येत नाही, ३१,००० मध्ये ती मिसळलेली असेल तर ३० टक्के काढायची रक्कमच कमी होते. इन्व्हॉइस फोडून मागा.

प्रश्न: आमच्या कॉन्ट्रॅक्टरला आम्ही २० डिसेंबर २०२५ ला पूर्ण पेमेंट केलं, पॅनल पण गराजमध्ये येऊन पडले होते, पण बर्फामुळे काम फेब्रुवारीत झालं. पैसे २०२५ मध्ये दिले म्हणजे क्रेडिट मिळेल ना? — मॅसॅच्युसेट्स

नाही मिळणार. वाईट वाटतं लिहिताना पण उगाच आशा लावून काय उपयोग. या क्रेडिटमध्ये खर्च "झाला" कधी म्हणायचं ते पैसे दिल्याच्या तारखेवर ठरत नाही, बसवण्याचं काम पूर्ण झाल्याच्या तारखेवर ठरतं. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याने, ऑगस्ट २०२५ मध्ये प्रश्नोत्तरं काढून हेच अगदी स्पष्ट लिहिलं होतं, पैसे आधी दिले असले तरी काम ३१ डिसेंबरनंतर संपलं तर क्रेडिट नाही.

गोंधळ का झाला तेही सांगते. ऑगस्ट २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमध्ये हे क्रेडिट ३० टक्क्यांवर २०३२ पर्यंत चालणार, मग २६, मग २२ आणि मग बंद असं हळूहळू उतरणारं ठरलं होतं. त्या हिशोबाने छापलेली ब्रोशर्स लोकांच्या फ्रिजवर अजून चिकटवलेली आहेत. ४ जुलै २०२५ ला वन बिग ब्यूटिफुल बिलावर सही झाली आणि उतरण वगैरे काही न ठेवता थेट कडाच आला, २०२५ संपताच क्रेडिट बंद.

तुमच्या राज्याचं क्रेडिट मात्र वेगळं आहे, ते राज्याच्या कायद्यात आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १५ टक्के, जास्तीत जास्त १,००० डॉलर. न्यूयॉर्कवाल्यांना २५ टक्के, कमाल ५,०००. आमच्या न्यू जर्सीत इन्कम टॅक्समध्ये काही नाही पण सोलरवर सेल्स टॅक्स लागत नाही आणि पॅनलमुळे घराची वाढलेली किंमत प्रॉपर्टी टॅक्समध्ये धरत नाहीत, त्यासाठी टाउनशिपकडे अर्ज मात्र करावा लागतो, तो बरेच जण करतच नाहीत. कॉन्ट्रॅक्टरने डिसेंबरपर्यंत काम पूर्ण करून देतो असं लेखी दिलं असेल तर तो कागद घेऊन त्याच्याशी भांडायला जागा आहे. तोंडी असेल तर अवघड आहे.

प्रश्न: क्रेडिट संपलं तरी एक मुलगा परवा दारात येऊन म्हणाला की आमच्या प्रोग्राममध्ये अजून चालू आहे, एक पैसा न देता सोलर, फक्त महिन्याला १४० डॉलर. खोटं बोलतोय का तो?

पूर्ण खोटं नाही, पण अर्धंच सांगतोय. तो लीजबद्दल बोलतोय. लीजमध्ये पॅनल कंपनीच्या मालकीचे, छत फक्त तुमचं. घरमालकाचं क्रेडिट बंद झालं ते कलम वेगळं, कंपन्यांना मिळणारं क्रेडिट वेगळ्या कलमात आहे आणि ते काम ४ जुलै २०२६ च्या आत सुरू केलं किंवा २०२७ च्या अखेरीपर्यंत सिस्टिम चालू केली तर अजून मिळतं. मिळतं कंपनीला. तुमच्या रिटर्नमध्ये त्यातला एक डॉलरही येत नाही. कंपनी त्यातलं काही तुम्हाला कमी भाड्याच्या रूपात देईल की नाही ते तिच्यावर.

माझा लीजला सरसकट विरोध नाही. ज्यांचा टॅक्सच फार नाही, उदाहरणार्थ फक्त सोशल सिक्युरिटीवर असलेलं रिटायर्ड जोडपं, त्यांना घरमालकाच्या क्रेडिटचा तसाही काही उपयोग झाला नसता. पण कॉन्ट्रॅक्टमध्ये "एस्कलेटर" हा शब्द शोधा. दरवर्षी २.९ टक्के असं काहीतरी असतं, ऐकायला किरकोळ वाटतं. १४० ला दरवर्षी २.९ ने वाढवत न्या, पंचविसाव्या वर्षी २७८ होतात, जवळजवळ दुप्पट. तोपर्यंत तुम्ही त्या घरात असाल का? घर विकताना एकतर घेणाऱ्याने लीज स्वतःच्या नावावर घ्यायला हवी नाहीतर तुम्ही उरलेले पैसे भरून सुटायचं. माझ्या ओळखीतल्या एकांचं घराचं क्लोजिंग (विक्रीचा शेवटचा व्यवहार) यावरून पाच आठवडे रखडलं होतं, घेणारा म्हणे मला पॅनल नकोत, आणि कंपनीचा फोन कोणी उचलेना.

प्रश्न: छत जुनं होतं म्हणून नवीन शिंगल्स (छतावरची पातळ कौलं) घालून मग पॅनल बसवले (२०२५ मध्येच, काम पूर्ण). कॉन्ट्रॅक्टर म्हणाला सगळ्या बिलावर ३० टक्के घ्या.

कॉन्ट्रॅक्टरला काय जातंय, सही तुमची आहे. साधं छत, त्याखालच्या फळ्या, वासे हे छताचंच काम झालं, पॅनलचं वजन पेलायला केलं असलं तरीही. पॅनल, इन्व्हर्टर, वायरिंग, बसवायची मजुरी, परमिटची फी हे चालतं. बॅटरी ३ किलोवॅट-अवर किंवा त्याहून मोठी असेल तर तीही. स्वतः वीज बनवणाऱ्या सोलर शिंगल्स असतील तर त्या धरता येतात, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या साध्याच दिसतायत. एकच इन्व्हॉइस असेल तर त्याच्याकडून छत वेगळं, सोलर वेगळं असं करून घ्या. वीज कंपनीने खरेदीवर रिबेट दिला असेल तर तो आधी खर्चातून वजा करायचा. नेट मीटरिंगचे, म्हणजे जास्तीची वीज कंपनीला देऊन जमा झालेले, युनिट वजा करायचे नाहीत.

राहतं घर किंवा सुट्टीतलं दुसरं घर असेल तर चालतं. पूर्णपणे भाड्याने दिलेलं घर या क्रेडिटमध्ये बसत नाही, तिघांनी विचारलंय म्हणून एका ओळीत उरकते.

आमचं स्वतःचं सोलर २०१९ चं आहे, तेव्हाही ३० टक्केच होतं, आणि मी स्वतः रिटर्न भरत असूनही पहिल्या वर्षी रिफंड कमी का म्हणून तासभर डोकं धरून बसले होते. तेव्हा तुम्ही एकट्या नाही. त्या सगळ्या हिशोबात न धरलेला खर्च म्हणजे खारी! पॅनलखाली घरटं केलं आणि वायरी कुरतडल्या. जाळी तेव्हाच लावून घ्या.

प्रश्न: मी टेक्सासमध्ये असतो. पुण्यात आईबाबांच्या बंगल्यावर मी पैसे देऊन सोलर बसवलंय २०२५ मध्ये, घर माझ्याही नावावर आहे. माझ्या अमेरिकेतल्या रिटर्नमध्ये दाखवू का? आणि बाबा विचारतायत की त्यांना इंडियात ८०सी मध्ये घेता येईल का?

दोन्हीला नाही. अमेरिकेच्या क्रेडिटसाठी घर अमेरिकेतच असावं लागतं. आणि भारतात घरगुती सोलरसाठी ८०सी मध्ये किंवा दुसरीकडे कुठे वजावट नाही, धंद्याच्या जागेवर बसवलं तर घसारा मिळतो, ती गोष्ट वेगळी. भारताने टॅक्सचा रस्ता घेतलेलाच नाही, तिथे सरळ सबसिडी आहे. आणि मला विचाराल तर साध्या माणसासाठी तेच बरं, कारण ज्याला टॅक्सच नाही त्या पेन्शनरलाही ती पूर्ण मिळते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,००० आणि तिथेच कमाल. पाच किलोवॅट बसवलं तरी ७८,००० च. सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० आहेत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, बाबांचं बिल त्याआधीचं की नंतरचं ते बघा.

तुम्ही लिहिलंय की बसवलं पण सबसिडीचा अर्ज केलाच नाही. क्रम असा असतो की आधी पोर्टलवर महावितरणचा ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, मग यादीतल्याच व्हेंडरकडून काम, पॅनल भारतात बनलेल्या सेलचे, ज्याला तिथले लोक डीसीआर पॅनल म्हणतात, मग नेट मीटर, आणि शेवटी पैसे थेट ग्राहकाच्या बँक खात्यात. तेव्हा बाबांना पहिल्यांदा एवढंच विचारायला सांगा की व्हेंडर यादीतला आहे का आणि पॅनल डीसीआर आहेत का. यातलं एक जरी नाही असेल तर पुढचं सोडून द्या. दोन्ही हो असेल तर महावितरणच्या ऑफिसात जाऊन आता नोंदणी करता येईल का ते विचारू दे, पण जाण्याआधी वीजबिल काढून त्यावर नाव कुणाचं आहे ते बघा, कारण तुमच्या पत्राला जोडलेल्या बिलाच्या फोटोत अजून तुमच्या आजोबांचंच नाव दिसतंय. ते बदलायचा अर्ज सगळ्यात आधी.