वाचकांचे प्रश्न : पंखे बायोसचे ऐकत का नाहीत?

प्रश्न : डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये मी तीन पिनांचे दोन नवे पंखे बसवले आणि दोन वाटांची केबल वापरून ते मदरबोर्डवरील चार पिनांच्या एकाच हेडरला (पंख्याची तार जोडण्याच्या जागेला) जोडले. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वेग कितीही कमी केला तरी दोन्ही पंखे पूर्ण वेगानेच फिरतात. पंखे सदोष आहेत का, आणि एका हेडरवर दोन पंखे चालवणे सुरक्षित आहे का?

उत्तर : पंखे सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे, बहुधा हेडर पीडब्ल्यूएम, म्हणजे स्पंदांनी वेग ठरवण्याच्या, पद्धतीवर ठेवलेला असावा. हेडरवरील पिना अनुक्रमे ग्राउंड, १२ व्होल्ट, पंख्याकडून येणारा वेगाचा संकेत आणि नियंत्रण अशा असतात. पीडब्ल्यूएम पद्धतीत दुसऱ्या पिनेवर १२ व्होल्ट कायम राहतात आणि वेग कमी-जास्त करण्याचा आदेश चौथ्या पिनेवरून सुमारे २५ किलोहर्ट्झच्या स्पंदांनी जातो. आपल्या पंख्यांना चौथी तारच नसल्याने तो आदेश त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या हेडरसाठी बायोसमध्ये डीसी पद्धत निवडावी, म्हणजे व्होल्टेजच कमी होऊन पंखे मंदावतील. काही मदरबोर्डांवर मात्र एखाद्या हेडरला हा पर्यायच नसतो, तेव्हा दुसरा हेडर निवडावा.

डीसी पद्धतीत किमान वेग अंदाजाने ठरवू नये. पंखा थांबेपर्यंत टक्केवारी हळूहळू उतरवावी आणि मग पुन्हा चढवत तो कुठे फिरू लागतो ते पाहावे. थांबलेल्या पंख्याला सुरू व्हायला चालू पंख्यापेक्षा अधिक व्होल्टेज लागते, म्हणून किमान मर्यादा या दुसऱ्या आकड्याच्या थोडी वर ठेवावी.

एका हेडरवर दोन पंखे चालतात, पण आधी पंख्याच्या मध्यभागी चिकटवलेले लेबल वाचावे. त्यावर ०.२ अँपिअर असेल, तर दोघांचे मिळून ०.४ होतात, अनेक हेडरांची मर्यादा १ अँपिअर असते, तरी आपल्या मदरबोर्डच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. दोन वाटांच्या केबलमध्ये वेगाच्या संकेताची तार एकाच पंख्याची जोडलेली असावी लागते, अन्यथा दोघांचे संकेत एकमेकांत मिसळून स्क्रीनवर भलतेच आकडे दिसतात. याचा एक तोटा असा की संकेत न देणारा दुसरा पंखा बंद पडला तरी बायोसला त्याचा पत्ता लागत नाही. तो अधूनमधून डोळ्यांनीच तपासावा.

आवाजाबद्दल आणखी एक गोष्ट. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाशी बांधले, तर ब्राउझर उघडताक्षणी चढणाऱ्या तापमानाबरोबर तेही घुमू लागतात आणि लगेच ओसरतात. ही चढ-उतार एकसारख्या मोठ्या आवाजापेक्षा मला अधिक त्रासदायक वाटते. त्यासाठी मदरबोर्डच्या तापमानाचा आधार घ्यावा, किंवा बायोसमध्ये सोय असल्यास वेग बदलण्याआधी काही सेकंदांचा विलंब ठेवावा.