आलेखातली आडवी रेषा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा यीस्टच्या वाढीचा आलेख पाहिला. ग्लुकोज संपल्यावर वाढीची रेषा जिथे काही काळ आडवी होते, तिथे तू ‘पेशी निष्क्रिय’ असे लिहिले आहेस. ते खोडून टाक, कारण साऱ्या प्रयोगात सर्वाधिक उलथापालथ होते ती याच वेळात. ग्लुकोज मुबलक असते तोवर यीस्टची पेशी ऑक्सिजन हाताशी असूनही किण्वनावरच, म्हणजे साखर ऑक्सिजनविना मोडण्यावरच, भर देते आणि इथेनॉल हे अल्कोहोल बाहेर टाकत राहते. ग्लुकोज आटले की तेच इथेनॉल तिचे अन्न ठरते. मात्र ते वापरायला श्वसनाची, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवण्याची, यंत्रणा लागते, आणि तिची कितीतरी जनुके तोवर दाबून ठेवलेली असतात. एसएनएफ१ हे कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे काम बदलणारे विकर) सक्रिय झाले की ती मोकळी होतात आणि हळूहळू, पूर्वीपेक्षा बऱ्याच मंद गतीने, वाढ पुन्हा सुरू होते. मला सर्वात विलक्षण वाटते ते हे, की ग्लायकोजेन या राखीव कर्बोदकाचा साठा करणे ग्लुकोज पुरते संपण्याआधीच सुरू झालेले असते. म्हणून पहिला नमुना रेषा आडवी होण्याच्या बराच आधी घे.

नायट्रोजनची टंचाई ही निराळी गोष्ट आहे. योशिनोरी ओसुमी यांनी 1988 मध्ये रिक्तिकेतील (पेशीतल्या टाकाऊ माल मोडणाऱ्या पिशवीतील) प्रथिन-विघटक विकरे नसलेल्या यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या, तेव्हा साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली रिक्तिकेत बारीक गोळ्या साचून थरथरताना त्यांना दिसल्या. पेशी स्वतःचाच पेशीद्रव तिथे नेऊन मोडत होती, पण विकरांअभावी माल विरघळत नव्हता, म्हणून तो दिसला. या स्वभक्षणाच्या संशोधनासाठी त्यांना 2016 चे नोबेल मिळाले. तशी एक काचपट्टी तू स्वतः करून पाहावीस, अशी माझी फार इच्छा आहे.

आता तुझ्या ल्युसीनच्या प्रयोगाविषयी. तुझा यीस्टचा वाण ल्युसीन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करू शकत नाही. हा दोष प्रयोगशाळेत आलेला आहे. नायट्रोजन किंवा फॉस्फेट कमी पडले की पेशी शिस्तीने विभाजन थांबवते आणि दीर्घकाळ तग धरते, पण असा वाण असताना ल्युसीन कमी पडल्यावर ती ग्लुकोज वेगाने जाळतच राहते आणि लवकर मरते. तेव्हा हे मृत्यूचे आकडे ‘उपासमारीचा परिणाम’ या सरसकट मथळ्याखाली मांडू नकोस. ल्युसीन बनवू शकणारा वाण घेऊन त्याला नायट्रोजनविना ठेव, शिल्लक ग्लुकोज दर दोन तासांनी मोज आणि या दोन्ही उपासमारींचे आलेख एकाच कागदावर काढून मला पाठव.

तुझा,
मार्गदर्शक