कुडाळची ऑर्डर आली आणि स्क्रिप्ट बंद पडली

प्रश्न: ताई, आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. बाबांच्या ऑर्डरींची यादी मी एक्सेलमधून यूटीएफ-8 सीएसव्ही, म्हणजे साधी मजकुराची फाइल, करून घेते आणि पायथनने पेटीच्या आकड्याप्रमाणे लावून नवीन फाइल बनवते, कॉलम तीनच, आडनाव, गाव, पेटी. महिनाभर मस्त चाललं, परवा कुडाळची ऑर्डर आली आणि युनिकोड डीकोड एरर, त्यात चारमॅप आणि झिरो एक्स 81 असं काहीतरी. ती ओळ काढली की परत चालतं! मित्र म्हणतो एरर्सला इग्नोर लाव, म्हणजे न वाचता येणारे बाइट गाळून पायथन पुढे जाईल. लावू का?
– बारावीतली वाचक, देवगड

उत्तर: इग्नोर अजिबात लावू नकोस गं. ओळ काढून बघितलीस ते फार छान केलंस, घोळ तिथेच आहे, कुडाळच्या ‘कु’मध्ये. यूटीएफ-8 ही अक्षरं बाइटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या छोट्या आकड्यांत, साठवायची पद्धत, त्यात देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, 3 बाइटचं असतं आणि ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट आहे 81 (सोळाच्या पद्धतीतला आकडा, एररमधलं झिरो एक्स 81 ते हेच). फाइल ओपन करताना तू एन्कोडिंग, म्हणजे बाइट कोणत्या पद्धतीने वाचायचे ते, सांगितलं नाहीस, मग विंडोजवर पायथन बहुतेक वेळा 1252 नंबरचा अक्षरांचा जुना युरोपीय तक्ता धरतो, त्यात 256 पैकी 5 घरं रिकामी आणि 81 त्यातलंच. मालवण, कणकवली, देवगड यांचे बाइट रिकाम्या घरात पडत नाहीत, म्हणून ते चुकीचे वाचले जाऊन जसेच्या तसे परत लिहिले जात होते आणि एक्सेलमध्ये सगळं बरोबर दिसत होतं. गावाचा कॉलम एकदा प्रिंट करून बघ, भलतीच अक्षरं दिसतील! उद्या रत्नागिरीची ऑर्डर आली असती तरी हेच, पाय मोडायच्या चिन्हाचा शेवटचा बाइट 8डी, तेही घर रिकामंच.

इग्नोर लावलंस तर उकाराचा तो बाइट गुपचूप गळेल, फाइल परत लिहिली की गावाचं नाव मोडलेलं, आणि पेटी पाठवायची कुठे?

करायचं एवढंच, ओपनच्या कंसात एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-8-सिग दे, वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे. ‘सिग’ विसरू नकोस, एक्सेल फाइलच्या सुरुवातीला 3 बाइटची खूण ठेवतं, साध्या यूटीएफ-8 ने वाचलंस तर ती ‘आडनाव’ला चिकटते आणि त्या नावाने कॉलम मागितला की की-एरर, म्हणजे ‘असा कॉलम नाही’ असा एरर, येतो.

प्रश्न: तारकर्लीला घरच्या होमस्टेचं बिल काढायला स्क्रिप्ट लिहिली, भाडं 1800, रात्री 3, उत्तर येतं 180018001800. रात्रींना इंट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) लावलंय तरी असं का?
– वाचक, मालवण

उत्तर: दादा, भाड्याला पण लावा. इनपुटमधून येतं ते कायम अक्षरांच्या रूपात, आणि अक्षरांना 3 ने गुणलं की पायथन ती 3 वेळा लिहून देतो. घरी कुणी मराठी आकडे टाइप करत असेल तर काळजी नको, इंटला १८०० सुद्धा कळतं, मात्र 1,800 असा स्वल्पविराम चालत नाही, तो आधी रिप्लेसने काढून टाका.