कॅन्सरच्या ऑपरेशननंतर घरातली कामं, नोकरी आणि लहान मूल हे सगळं कधी आणि कसं सुरू करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ऑपरेशनला बारा दिवस झालेत, एका बाजूचा स्तन आणि काखेतल्या गाठी (म्हणजे लसिका ग्रंथी) काढल्या आहेत, जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, परवा निघाला, घरात तीन वर्षांचा मुलगा आहे. घरकाम कधी सुरू करू, ऑफिसला कधी जाऊ, मुलाला कधी उचलू, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, "सगळे म्हणतात आराम कर, पण पडून राहिलं की जास्त भीती वाटते." त्या वाक्यासाठी उत्तर लिहायला बसले.

माझं हेच ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालं, उजव्या बाजूचं. मी शाळेत शिकवते आणि फळ्यावर उजव्या हाताने लिहिते, म्हणून हात हा माझ्यासाठी पोटाचाच प्रश्न होता. मी डॉक्टर नाही. खाली लिहिलेलं काही तुमच्या सर्जनच्या सांगण्याशी जुळलं नाही, तर त्यांचंच ऐका. तुमच्या शरीरात नेमकं काय केलंय ते त्यांना माहीत आहे.

मला सगळ्यात जास्त त्रास एका गैरसमजाने झाला. जखम भरली म्हणजे माणूस बरं झालं असं घरातल्यांना वाटतं, आणि आपल्यालाही वाटतं. टाके दोन-तीन आठवड्यांत बरे दिसायला लागतात. पण कातडीखाली काम चालूच असतं. तिसऱ्या आठवड्यात जखमेला मूळच्या ताकदीच्या जेमतेम पाव हिस्सा ताकद आलेली असते आणि तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचते. खांदा त्याहून सावकाश सुटतो. थकवा त्याहून मागे राहतो. भीतीचं तर वेळापत्रकच नसतं. बाहेरून सगळं नीट दिसायला लागतं, भेटायला येणारे कमी होतात, मदतीला आलेलं माणूस परत जातं, आणि नेमका तेव्हाच आपला सगळ्यात अशक्त काळ सुरू होतो. माझा पाचवा-सहावा आठवडा पहिल्या आठवड्यापेक्षा वाईट गेला. म्हणून आजच घरात सांगून ठेवा, की टाके भरल्यावरही मला मदत लागणार आहे. मी ते सांगितलं नव्हतं आणि मग कुणी मदत केली नाही म्हणून चिडत राहिले.

आता हाताबद्दल. यावर मी जरा लांबलचक लिहिणार आहे, कारण इथे माझी चूक झाली.

दवाखान्यातून घरी सोडताना मला व्यायामाचा एक कागद दिला होता. तो समजावून कुणी सांगितला नाही आणि मीही विचारलं नाही. हात हलवला की काखेत ओढ बसायची, टाके उसवतील अशी भीती वाटायची. मी हात पोटाशी धरून तीन आठवडे काढले. खांदा आखडला. पुढे रेडिएशनच्या आखणीसाठी टेबलावर झोपवून हात डोक्यावर न्यायला सांगितला, तर तो कानापर्यंतही जाईना. त्या स्थितीत काही मिनिटं स्थिर पडावं लागतं. मला परत पाठवलं, आधी खांदा मोकळा करून या म्हणाले. उपचार लांबला, आणि त्या दिवसांत मी रात्र रात्र जागी होते. तुम्हाला रेडिएशन लागणार असेल तर हा व्यायाम उपचाराचाच भाग आहे असं समजा.

ड्रेन असेपर्यंत हात सहसा खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायला सांगतात. आता तो निघालाय, तेव्हा पुढच्या तपासणीला "आता किती वर न्यायचा?" हे स्पष्ट विचारून घ्या, आणि जमलं तर फिजिओथेरपिस्टला एकदा तरी भेटाच. मला उपयोगी पडला तो भिंतीचा व्यायाम. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी चालवत वर न्यायची, ओढ जाणवली की थांबायचं, पाच श्वास घ्यायचे आणि तशीच बोटं चालवत खाली आणायची. मी जिथपर्यंत पोचले तिथे रोज खडूने रेघ मारायची. कधी चार दिवस रेघ तिथेच राहायची, कधी एकदम दोन बोटं वर जायची. दुखणं आणि ओढ यांतला फरक थोड्या दिवसांत कळतो. ओढ चालते. कळ आली, किंवा व्यायामानंतर तासभर ठणकत राहिलं, तर जास्त झालं.

काही आठवड्यांनी काखेतून दंडावर, कधी कोपरापर्यंत, क्वचित मनगटापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखी लागते. मला ती लागली तेव्हा कॅन्सरच परत आला असं वाटून मी हादरले होते. काखेतल्या गाठी काढल्यावर अनेकींना हे होतं, आणि हलक्या ताणाच्या व्यायामाने काही महिन्यांत ते बहुधा जातं. दंडाची आतली बाजू बधिर असेल तर त्याचंही कारण साधं आहे. काखेतून जाणारी एक स्पर्शाची नस ऑपरेशनमध्ये ताणली जाते किंवा कापावी लागते. हाताची शक्ती त्याने जात नाही. माझा थोडा भाग अजून बधिर आहे. ड्रेन निघाल्यावर छातीत किंवा काखेत पाणी साठून आत डचमळल्यासारखं वाटलं तरी घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा. गरज असली तर ते सुईने काढतात. माझं दोनदा काढलं. जागा बधिर असल्यामुळे सुई कळलीही नाही.

आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. जो स्तन आता नाही, तिथेच खाज सुटल्यासारखं वाटतं. मेंदूला ती जागा अजून आठवत असते. मला वेड लागतंय की काय असं वाटलं होतं. नाही, हे बऱ्याच जणींना होतं.

रोजच्या कामांचं मी असं केलं. कंबर ते छाती या उंचीवरची, हलकी कामं आधी. ओट्यावरचं पुसणं, भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं. ऑपरेशनच्या बाजूचा हात यात आपोआप हलतो आणि ते चांगलंच आहे. रोज लागणाऱ्या वस्तू वरच्या फळीवरून खाली आणून ठेवायला सांगा, नाहीतर सवयीने हात वर जातो. भरलेली बादली, ओले कपडे पिळणं, जड दार ढकलणं, केर काढताना जोराने हात फिरवणं, हे नंतर. साधारण चार ते सहा आठवडे जड उचलू नका असं सांगतात. किती किलो म्हणजे जड, तो आकडा सर्जनकडून घ्या, कारण "जड" शब्दाचा अर्थ घरात प्रत्येकाचा वेगळा असतो. केस मात्र स्वतःच विंचरायचा प्रयत्न करा. पहिल्यांदा मान वाकवून, कोपर टेबलावर टेकवून विंचरा. माझ्यासाठी त्याहून चांगला व्यायाम नव्हता. पहिली नीट वेणी घालायला मला सात आठवडे लागले, आणि त्या दिवशी मी आरशासमोर बराच वेळ उभी होते.

गाडी चालवत असाल तर घाई नको. चाक झटकन फिरवता आलं पाहिजे, जोरात ब्रेक मारता आला पाहिजे आणि गुंगी आणणारी वेदनाशामक गोळी चालू नसली पाहिजे. बसून जातानाही पट्टा आणि छाती यांच्यामध्ये छोटी उशी ठेवा. रात्री हाताखाली अशीच एक उशी घेतली की काखेला आराम पडतो.

थकव्याला सुस्ती समजू नका. हा थकवा झोपून जात नाही, हेच त्याचं लक्षण. मी सकाळी स्वतःला एकच मोठं काम द्यायचे. अंघोळ हे पहिल्या दिवसांत मोठं कामच होतं. मग अर्धा तास टेकायचं, मग पुढचं. बरं वाटलं त्या दिवशी सगळं उरकून घ्यायचा मोह होतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. मी हे चार-पाच वेळा केलं तेव्हा कुठे समजलं. रोज थोडं चालणं हा त्यावरचा खरा उपाय आहे. पहिल्यांदा घरातल्या घरात पाच मिनिटं, मग दहा. ऐकायला उलटं वाटतं, पण या थकव्यावर बेताचा व्यायाम झोपेपेक्षा जास्त उपयोगी पडतो. चालण्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही कमी होतो. त्यामुळे तुम्हाला पडून राहावंसं वाटत नाही, हे शरीर बरोबरच सांगतंय.

काही गोष्टींसाठी मात्र वाट पाहायची नाही. १०० च्या वर ताप, जखम लाल होऊन गरम लागणं, पू येणं, हात अचानक सुजणं किंवा लाल होणं, त्याच दिवशी फोन करा. एका पोटरीत दुखून सूज आली तरीही त्याच दिवशी. एकदम धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत दुखलं, तर रात्र असो की पहाट, थेट इमर्जन्सीत जा.

काखेतल्या गाठी निघाल्यामुळे त्या हाताला सूज येण्याची शक्यता पुढेही राहते. अंगठी किंवा बाही अचानक घट्ट वाटली, हात जड वाटला, तर दाखवायला उशीर करू नका. सुरुवातीची सूज आवरणं सोपं असतं. त्या हाताची त्वचा जपा. भाजणं, चिरणं टाळा, मातीत काम करताना हातमोजे घाला. पण जन्मभर त्या हाताने काही उचलायचं नाही, हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच, तो आता जुना झाला. २००९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आधीच सूज असलेल्या १४१ बायका होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणींनी वर्षभर, देखरेखीखाली सुरुवात करून, अगदी हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला. त्यांची सूज बाकीच्यांपेक्षा वाढली नाही, उलट सूज उसळण्याचे प्रकार कमी झाले. त्यातली "हळूहळू" आणि "देखरेखीखाली" ही दोन्ही महत्त्वाची. पण हात जन्माचा पंगू झालेला नाही, हे आज ऐकून ठेवा.

ऑफिसचं म्हणाल तर बसून करायचं काम काही जणी तीन ते सहा आठवड्यांत सुरू करतात. पण आधी रिपोर्ट येऊ द्या. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत का, किती गाठी काढल्या आणि त्यांतल्या किती गाठींमध्ये कॅन्सर होता, कॅन्सरच्या पेशी हार्मोनवर वाढतात का (हार्मोन रिसेप्टर) आणि त्यांच्यावर हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, यावर पुढचे उपचार ठरतात. केमो असेल तर सुट्टीचा हिशोबच बदलतो. प्रश्न वहीत लिहून न्या, बरोबर कुणाला तरी न्या, आणि रिपोर्टची प्रत मागून घ्या. डॉक्टरांसमोर ऐकलेलं निम्मं दाराबाहेर आल्यावर आठवत नाही. मी रेडिएशन संपल्यावर अर्ध्या वेळेपासून सुरुवात केली. मुख्याध्यापिकांना दोनच गोष्टी लेखी दिल्या, कोणता हात आणि कधीपर्यंत. पहिले दोन महिने फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायचे. मुलांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी ते मोठ्यांपेक्षा सहज घेतलं.

रात्रीच्या भीतीवर माझ्याकडे औषध नाही. रिपोर्टची वाट पाहताना मी ती माझ्या नवऱ्यापासून लपवली आणि त्याने त्याची माझ्यापासून. दोघंही "मी ठीक आहे" म्हणत होतो. एका रात्री तोच रडला, मग मीही रडले, आणि त्यानंतर घरात श्वास घेणं सोपं झालं. जखम पहिल्यांदा बघताना नवरा जवळ असावा की नको, हे मात्र तुम्ही ठरवा. मी आधी एकटीने पाहिली. भीती आठवडे उलटूनही झोपू देत नसेल, खावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांना तेही सांगा. त्यावर मदत मिळते.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या टेरेझ लॅसर यांचं हे ऑपरेशन झालं. त्या काळी छातीचे स्नायूही काढत. हात कसा हलवायचा, घरी जाऊन जगायचं कसं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, म्हणून त्या स्वतःच नुकतं ऑपरेशन झालेल्या बायकांच्या खाटेशी जाऊन बसू लागल्या. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' ही चळवळ उभी राहिली. माझ्या खाटेशीही अशीच एक बाई येऊन बसली होती. तिने काही न बोलता आपला हात सरळ वर उचलून दाखवला. तुम्हाला अशी कुणी भेटली नसेल, तर दवाखान्यात विचारा, हे ऑपरेशन झालेल्या कुणाशी बोलता येईल का म्हणून.

आता मुलगा. तीन वर्षांचं मूल तेरा-चौदा किलोंचं असतं, म्हणजे सर्जन हो म्हणेपर्यंत उचलणं नाही. पण जवळ घेण्यासाठी उचलावंच लागतं असं नाही. तुम्ही भिंतीला टेकून बसा, छातीशी उशी धरा, आणि त्याला स्वतः चढून दुसऱ्या बाजूने मांडीवर येऊ द्या. "आईला इथे बाऊ झालाय, तू या बाजूला बस" एवढं त्याला कळतं. दोन-तीन दिवसांत तो स्वतःच बाजू निवडायला लागेल. उचलायची परवानगी मिळाली की पहिल्यांदा त्याला खुर्चीवर उभं करा आणि तिथून दुसऱ्या बाजूच्या कमरेवर घ्या. जमिनीवरून वाकून नको.