नेटवाल्याला धरून काय होणार?

भावा, तुझा प्रश्न असा, की द्वेषाच्या पोस्ट ज्याच्या तारेतून घराघरात पोचतात त्या नेटवाल्यावर गुन्हा का दाखल करत नाहीत? आणि केला तर बोलायच्या स्वातंत्र्याचं काय? मी केबलच्या काळापासून या धंद्यात आहे, म्हणून आधी तारेबद्दल सांगतो.

तू काय वाचतोस ते गल्लीतल्या ब्रॉडबँडवाल्याला दिसत नाही. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर (म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धतीवर) आहेत, त्यामुळं त्याला फार तर साइटचं नाव कळतं, आतली पोस्ट नाही. त्याच्या हातात बटण एकच, अख्खी साइट बंद करायचं. 2014 च्या डिसेंबरात हे झालंय. दहशतवादी मजकुराच्या कारणावरून दूरसंचार विभागानं 32 साइट बंद करायला लावल्या, त्यात गिटहब (प्रोग्रामर कोड ठेवतात ती साइट) आणि व्हिमिओ (व्हिडिओची साइट) सुद्धा गेल्या. ज्या पोरांचं रोजचं काम गिटहबवर चालतं ती बसली बोंबलत. नेटवाल्याला गुन्ह्याची भीती घाल, तो रोज हेच करेल. वकील लावण्यापेक्षा साइट बंद करणं त्याला स्वस्त पडतं.

कायदा काय म्हणतो? माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 79. तार देणारा, सर्व्हर ठेवणारा आणि फेसबुक-यूट्यूबवाले हे सगळे त्यात ‘मध्यस्थ’. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल त्यांना संरक्षण आहे, पण अटींवर. 2015 च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की मजकूर काढायची कायदेशीर सक्ती कोर्टाच्या आदेशानं किंवा सरकारच्या सूचनेनंच होते, कुणीही उठून तक्रार केली म्हणून नाही. 2021 च्या मूळ आयटी नियमांत त्यासाठी 36 तासांची मुदत होती. श्रेया सिंघल निकालानंच कलम 66अ (ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिलं म्हणून अटक करता येणारं) रद्द झालं. ते का गेलं हे आपल्याकडच्या माणसाला तरी सांगायला नको. 2012 च्या नोव्हेंबरात मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला उचललं, आणि ते लाइक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीलाही. ‘द्वेष’ कशाला म्हणायचं हे ठाण्यातल्या साहेबाच्या मर्जीवर सोडलं की असं होतं.

आता माझं खरं म्हणणं. कलम 79 मधल्या अटी नीट वाच. संदेश तू सुरू केलेला नसावा, तो कुणाला जावा हे तू निवडलेलं नसावं, मजकुरात निवड किंवा फेरफार केलेला नसावा. तारवाला यात बसतो. पण फीड चालवणारी कंपनी? कुठली क्लिप कुणाच्या पडद्यावर सकाळी पहिली यावी हे तिचंच अल्गोरिदम ठरवतं, आणि माणूस जितका चिडेल तितका वेळ थांबतो हे तिला पक्कं माहीत असतं. भडकाऊ क्लिप ज्यानं शोधलीही नव्हती त्याच्यापुढं ती कुणी नेऊन ठेवली? माझ्या मते जबाबदारीची रेघ तिथं ओढायला हवी. पोस्ट साठवली म्हणून शिक्षा नको, ती ढकलली म्हणून जाब हवा. असं केलं तर लिहिणाऱ्याचं तोंडही बंद होत नाही. पोस्ट जागेवर राहते, फक्त तिला फुकटचा भोंगा मिळत नाही. हां, व्हॉट्सॲपला हे लागू पडत नाही. तिथं फीड नाही आणि मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही.

आणि आपल्याकडं पेटतं ते नेमकं व्हॉट्सॲपवरूनच. 2023 च्या जूनमधलं आपल्या कोल्हापुरातलं आठवत असेल. स्टेटसवरून वातावरण तापलं, 7 तारखेला बंद, शिवाजी चौकात गर्दी, दगडफेक, लाठीमार, आणि मग जिल्ह्याचं इंटरनेट बंद. अफवा थांबवायला थोडा वेळ लागतो हे मला मान्य आहे. पण पंचगंगेत घाण कुणी सोडली हे न शोधता सगळ्या गावाचं पाणी तोडावं, तसला हा उपाय. स्टेटस ठेवणारे मोजके, क्यूआर कोड लावून बसलेले दुकानदार हजारो. 2020 च्या अनुराधा भसीन निकालानं सांगितलंय, की असा बंदीचा आदेश प्रसिद्ध करायला हवा, तो बेमुदत चालत नाही आणि त्याला कोर्टात आव्हान देता येतं. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, तेव्हा मुंबईच्या खेपाही वाचल्या.

खाली कुणीतरी विचारलंय, की ग्रुपवरच्या पोस्टसाठी ॲडमिनवर गुन्हा होतो का? 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्पष्ट केलंय, की सदस्यानं टाकलेल्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा इरादा एक होता हे दाखवावं लागतं. त्यामुळं तालमीच्या ग्रुपवरनं घाबरून बाहेर पडू नकोस. पण घाण टाकणाऱ्याला काढ की लगेच, त्याला कोर्ट कशाला पाहिजे?

तक्रार करायची असेल तर मोठ्या कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत सरकारच्या अपील समितीकडं जाता येतं. पोलिसांत जायचं असेल तर नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घे, स्टेटस 24 तासांत उडतं. आणि मूळ फोन फॉरमॅट करू नकोस, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तो स्क्रीनशॉट ‘बघा काय चाललंय’ म्हणून दहा ग्रुपवर टाकलास तर मात्र पसरवणाऱ्यांत तुझंही नाव येईल.